सतरा नंबरचे वावडिंग

आमच्या भाचीच्या शेतावर शेळ्यांना नाव देण्याची मनाई आहे. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर आकडा, आणि तेवढीच तिची ओळख. नाव दिले की माया जडते आणि माया जडली की निवड चुकते, असे भाचीचे म्हणणे. मी चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवले; नावाचे सामर्थ्य मला वेगळे सांगायला नको. म्हणून मी तिचा नियम मान्य केला आणि सतरा नंबरच्या करडाला फक्त 'सप्तदश' म्हणू लागलो. आकडाच तो. भाचीने माझ्याकडे क्षणभर रोखून पाहिले, पण हरकत घेतली नाही.

पत्नी गेल्यावर मी वर्षभर एकटाच राहत होतो. भाची एके दिवशी घरी आली, स्वयंपाकघरात जाऊन माझी एकुलती एक धुतलेली थाळी पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मामाजी, तुम्ही असे एकटे काहून राहून राहिले? चला आमच्याकडे." तिचे घर शहरात, अधारतालला. जावई सरकारी कारखान्यात नोकरीला, मुलगी शिकायला परगावी. चार महिने मी तिथे काढले. पण मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात माझी संध्या नीट होईना. तेव्हा मीच तिला म्हटले की शहपुऱ्याच्या शेतावर तुझी एक खोली रिकामी आहे, तिथे मला राहू दे. अशा रीतीने, ज्याने आयुष्यात गायीखेरीज कुठल्या जनावराला हात लावला नव्हता तो मी सत्तरी ओलांडल्यावर पन्नास-साठ शेळ्यांच्या शेजारी राहायला गेलो.

भाची पूर्वी जनावरांच्या रोगांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. ती नोकरी सोडून तिने शेळ्या पाळल्या, तेव्हा घरातले सगळे तिला हसले होते. आठवड्यातले चार दिवस ती शेतावर येते. शेळ्या चारायला नेणारा एक गडी आहे, पन्नाशीचा, जवळच्याच गावचा. तो मला पंडितजी म्हणतो आणि माझ्या हिंदीला फार हसतो. माझ्या हिंदीत संस्कृत शब्द जास्त असल्यामुळे आपल्याला रेडिओ ऐकल्यासारखे वाटते, असे त्याने मला एकदा सांगितले.

शेळीपालनातला सर्वांत मोठा शत्रू कोणता असे मला कोणी विचारले असते, तर मी लांडगा किंवा कोल्हा सांगितला असता. भाचीने पहिल्याच आठवड्यात माझा गैरसमज दूर केला. दोऱ्यासारखा बारीक एक जंत असतो. तो शेळीच्या जठरात राहतो आणि तिचे रक्त पितो. त्याची अंडी लेंड्यांतून कुरणात पडतात, ओल्या गवतावर पिले वर चढतात आणि चरताना दुसऱ्या शेळीच्या पोटात जातात. रक्त कमी झाले की शेळीच्या पापणीची आतली बाजू तांबडीची गुलाबी आणि गुलाबीची पांढरी होत जाते. शेवटी जबड्याखाली पाणी उतरते, आणि मग बहुधा उशीर झालेला असतो.

"मग औषध नाही का यावर?" मी विचारले.

"आहे न. तेच तर झालं," ती म्हणाली. "आम्ही सगळे दर तीन महिन्यांनी सरसकट सगळ्यांना औषध पाजत गेलो. जे जंत औषधातून वाचले त्यांचीच पिलावळ कुरणात उरली. आता ते औषध पाजा नाहीतर पाणी पाजा, सारखंच. इतकी वर्षं आपण चांगले चांगले जंत निवडून पैदा केले, मामाजी. आता मी शेळ्या निवडून राहिली."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. त्यातला विचार सोपा होता. एकाच कुरणात चरणाऱ्या शेळ्यांपैकी काहींच्या पोटात जंत माजतात आणि काहींच्या पोटात ते धरतच नाहीत. ही शक्ती अंगचीच असते आणि पुढच्या पिढीत उतरते. तेव्हा जिच्या लेंड्यांत अंडी कमी तिची करडे राखायची, आणि मुख्य म्हणजे तसाच बोकड पैदाशीसाठी ठेवायचा. कारण शेळी वर्षाला दोन-तीन करडे देते, बोकड मात्र सगळ्या कळपाचा बाप होतो. बीज आणि क्षेत्र यांचा विचार आमच्या शास्त्रांतही आहे. फक्त तो लेंड्या मोजून करावा लागतो हे मला ठाऊक नव्हते.

या कामात माझ्याकडे दोन गोष्टी आल्या. शेळीचे डोके धरून ठेवणे, आणि भाची सांगेल ते वहीत लिहिणे. डोके धरले की मी सवयीने हळू आवाजात विष्णूची नावे म्हणू लागे, आणि शेळ्या खरोखरच शांत उभ्या राहत. गडी म्हणे, "पंडितजी की बकरियाँ तो अगले जनम में सीधे बनारस जाएँगी." भाची तोवर हातमोजा घालून लेंड्या काढी, वजन करी, मिठाच्या दाट पाण्यात घोळवी, चहाच्या गाळणीने गाळी आणि ते पाणी रेघा आखलेल्या काचेत भरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवी. अंडी मिठाच्या पाण्यात वर तरंगतात, त्यामुळे मोजता येतात. त्या कामासाठी खोलीत एक टेबल होते, आणि त्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात, माझे देव. ही मांडणी मला आरंभी अडचणीची वाटली. नंतर ती सवयीची झाली.

सप्तदश माघात जन्मला. तांबूस रंगाचा, पाय लांब, कपाळावर पांढरी उभी रेघ. त्याची आई आधीपासून अशक्त होती, पापण्या पांढऱ्या पडलेल्या. तो दोन दिवसांचा असतानाच ती गेली. भाचीने दुसऱ्या शेळीचे दूध काढून बाटलीने पाजायला सांगितले आणि ते काम आपसूक माझ्याकडे आले. मला मूलबाळ नाही. पण धाकटी भावंडे मी मांडीवर घेतलेली आहेत, आणि त्यांना आई दूध कसे देई ते मला स्वच्छ आठवते. दुधात वावडिंगाचे चार दाणे टाकायचे, एक उकळी आणायची, गाळायचे. आपल्या घरांतले कोणते तान्हे मूल वावडिंगाशिवाय वाढले आहे? मीही तसेच केले. माझ्या स्वतःच्या पोटासाठी वावडिंगाचा डबा खोलीत असेच.

तो गवत खाऊ लागला तरी सकाळी माझी पूजा आटोपण्याच्या सुमारास दाराशी येऊन उभा राही. मग मी नैवेद्याच्या गुळातला खडा घेऊन त्यात वावडिंगाची चिमूटभर पूड घोळवून त्याला देऊ लागलो. करडाचे पोट गुळाने बिघडू नये, एवढाच त्यात हेतू. तो गूळ खाऊन माझ्या धोतराला तोंड पुशी. माझी सगळी धोतरे डाव्या गुडघ्यापाशी पिवळट झाली होती. गडी म्हणे, "इसको शास्त्री बनाके ही छोड़ोगे."

पावसाळा हा जंतांचा हंगाम, म्हणून परीक्षाही त्याच दिवसांत. भाचीने सहा नर करडे पैदाशीच्या परीक्षेला निवडली होती. त्यांना पावसाळाभर कसलेही औषध द्यायचे नाही आणि कोणाच्या पोटात जंत किती धरतात ते पाहायचे. श्रावणात एकदा आणि भाद्रपदात एकदा तिने लेंड्या तपासल्या. दोन्ही वेळा तिने आम्हां दोघांना समोर उभे करून विचारले, "कोणाला काही औषध पाजलं?" गडी नाही म्हणाला. मीही नाही म्हणालो, आणि ते अगदी निःशंक मनाने म्हणालो.

दोन्ही वेळा सप्तदशाची काच जवळजवळ मोकळी निघाली. भाचीला आनंद झाला, तसे आश्चर्यही वाटले. "याची माय तर जंतानंच गेली," ती म्हणत होती. "बापाकडून आलं असेल." त्याच्या खालोखाल नऊ नंबर होता. तो एक खुजा, काळपट, एका शिंगाला बाक असलेला बोकड; त्याने मला दोनदा मागून धडक दिली होती. त्याच्याविषयी कोणाचे फारसे चांगले मत नव्हते.

निवड झाली की बाकीचे नर शहपुऱ्याच्या बाजारात जात. त्यांचे पुढे काय होते हे मला ठाऊक होते. शेळ्यांच्या शेजारी राहायचे ठरवले तेव्हाच मी त्या गोष्टीबाबत मनाची माझ्या परीने समजूत घातली होती, आणि ती समजूत पाच करडांपुरती टिकत होती. सहावे वाचले याचा मला आनंद झाला. देवापुढे मी तो बोलूनही दाखवला.

आश्विनाच्या अखेरीस शेजारच्या गावचा एक शेतकरी आला. त्याच्या कळपातल्या निम्म्या शेळ्या त्या पावसात गेल्या होत्या, आणि उरलेल्या त्याला सप्तदशाकडे आणायच्या होत्या. भाची त्याला अंगणात समजावून सांगत होती. मी पूजा आटोपून बाहेर आलो, हातात गुळाचा खडा होता, आणि सप्तदश नेहमीप्रमाणे धावत आला.

शेतकऱ्याने विचारले, "दीदी, सच में इसको कोई दवाई नहीं दी?"

"एक बूँद नहीं," भाची म्हणाली. "मामाजी यहीं रहते हैं. इनसे पूछ लो. ये झूठ नहीं बोलते."

तो माझ्याकडे वळला. त्याने बोकडाच्या तोंडाकडे पाहिले आणि हसून विचारले, "ये क्या खिला रहे हो, पंडितजी?"

"प्रसाद," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि त्याच क्षणी मला माझ्या बोटांवरची करडी पूड दिसली. वावडिंग. त्याचे जुन्या पोथ्यांतले पहिले विशेषणच कृमींचा नाश करणारे असे आहे. मी ते मुलांना शिकवले आहे. तान्ह्या मुलाला वावडिंग का देतात असे कोणी मला विचारले असते, तर मी झोपेतही उत्तर दिले असते. पण औषध म्हणजे बाटलीतले आणि वावडिंग म्हणजे आईच्या हातचे, हे दोन कप्पे माझ्या डोक्यात इतके निराळे होते की श्रावणात आणि भाद्रपदात मी खोटे बोललो हे मला कार्तिक तोंडावर येईपर्यंत कळले नाही.

खरे लज्जास्पद ते याच्या पुढचे. अज्ञानाने झालेल्या चुकीला प्रायश्चित्त असते. पण कळल्यावर मी तीन दिवस गप्प राहिलो. मी सांगितले तर सप्तदश बाजारात जाणार होता. न सांगावे तर भाचीची चार वर्षांची मेहनत आणि त्या शेतकऱ्याचा उरलासुरला कळप एका फसव्या बोकडाच्या स्वाधीन होणार होता. त्याची करडे पुढच्या पावसात पांढऱ्या पापण्या घेऊन उभी राहणार, आणि भाची काचेत अंडी मोजत आपले कुठे चुकले ते शोधत बसणार. हे सगळे मला दिसत होते. तरी मी त्या तीन दिवसांत दोन वेळची संध्या केली, जप केला, आणि पूड न लावता नुसता गूळ सप्तदशाला दिला. जणू त्याने काही दुरुस्त होणार होते.

चौथ्या दिवशी भाचीने माजावर आलेल्या चार शेळ्या वेगळ्या काढल्या आणि गड्याला सप्तदशाला आणायला सांगितले. तेव्हा मी म्हणालो, "थांब. मला काही सांगायचे आहे."

मी सांगितले. ती टेबलाशी उभी होती. ऐकता ऐकता खाली बसली.

"रोज?" तिने विचारले.

"रोज."

"किती महिने?"

"दुधापासून."

"बाकी पाचांना?"

"नाही. त्यालाच."

दारात उभा असलेला गडी म्हणाला, "हम तो रोज देखते थे दीदी. हम समझे भगवान का गुड़ है, इसमें क्या बोलना."

"आजवर काहून नाही बोलले, मामाजी?"

मी म्हणालो, "मला तीन दिवसांपूर्वी उमगले."

"तीन दिवस," ती म्हणाली. तिला कशाचे वाईट वाटले ते तेवढ्या दोन शब्दांत मला कळले. मग तिने डोळे पुसले आणि, ती लहानपणापासून अशीच, कामाला लागली. "अच्छा. वावडिंगानं झालं की आणखी कशानं, मला आज सांगता येत नाही. तो खरंच चांगला असूही शकतो. चार हप्ते काहीच द्यायचं नाही. गूळपण नाही. त्याला आणि नऊ नंबरला एकाच तुकड्यात चारू, आणि मग पाहू."

"आणि या शेळ्या?"

"थांबतील. करडं महिनाभर उशिरा होतील, भर वैशाखात. पाणी तुम्ही पाजा."

शेतकऱ्याला सांगायला मी स्वतः गेलो. त्याने मला बाजेवर बसवले, चहा दिला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "पंडितजी, आप न बताते तो किसको पता चलता?" मी त्याला म्हटले की पुढच्या पावसात तुझ्याच शेळ्यांनी सांगितले असते. त्यावर तो महिनाभर थांबायला कबूल झाला.

ते चार आठवडे मला फार लांब गेले. सप्तदश रोज सकाळी दाराशी येई, मोकळ्या हाताचा वास घेई, मग दुसऱ्या हाताचा, मग धोतराचा. मी त्याच्याशी बोलत असे. काय बोलत होतो ते लिहिण्यासारखे नाही. पूजेत मी काही मागत नसे, कारण काय मागावे हेच मला ठरवता येईना. त्याची काच मोकळी निघावी असे मागणे म्हणजे भाचीच्या परीक्षेत देवाकडून लबाडी करून घेणे.

तपासणीच्या दिवशी दवाने गवत ओले होते. भाचीने आधी नऊ नंबरची काच पाहिली आणि मला पाहायला लावली. एरवी मी कधी त्या नळीत डोकावत नसे. उजेडाच्या वर्तुळात काडीकचरा आणि हवेचे बुडबुडे होते. एका रेघेपाशी एकच अंडे तिने मला दाखवले. मग सतराची काच ठेवली. या वेळी दाखवावे लागले नाही. लांबट, सोनेरी, पातळ कवचाची अंडी प्रत्येक रेघेत होती, आणि प्रत्येकाच्या आत द्राक्षांच्या घोसासारखे काही जुळलेले होते. हीदेखील त्याचीच सृष्टी आहे, आणि किती नेटकी, असा विचार माझ्या मनात आला. मग मी नळीवरून डोळा काढला.

"नऊ," मी म्हणालो.

"नऊ," भाची म्हणाली.

संध्याकाळी तो शेतकरी आपल्या शेळ्या घेऊन आला. नऊ नंबरकडे पाहून म्हणाला, "ये? इसका तो सींग भी टेढ़ा है." मी त्याला म्हटले की शिंग पिढीत उतरो न उतरो, पोट उतरते, आणि मी या बोकडाची काच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. माझ्या शब्दावर त्याने अजून विश्वास ठेवावा याचे मला नवल वाटले, पण त्याने ठेवला.

सप्तदशासाठी मी भाचीकडे काही बोललो नाही. नियम तिचा होता आणि तो मोडायला सांगण्याचा अधिकार मी गमावला होता. बाजाराच्या आदल्या दिवशी तीच माझ्या खोलीत आली.

"मला एक बकरा असा हवा," ती म्हणाली, "ज्याला जंत सगळ्यात आधी धरतात. त्याच्या लेंड्या दर पंधरा दिवसांनी पाहिल्या की कुरण कधी खराब झालं ते बाकीच्यांच्या आधी कळते. सतराला खच्ची करून ठेवून घेते. पण मामाजी, तो आजारी पडणार. पापणी पांढरी दिसली की त्याच दिवशी औषध, जे एक अजून चालते ते. त्याच्या एक दिवस आधी नाही. वावडिंग नाही. काहीच नाही. तुम्हाला जमेल?"

मला लगेच हो म्हणता आले नाही. नियम मान्य करून तो न पाळणे मी एकदा केले होते. मी तिला सांगितले की उद्या सकाळी सांगतो, आणि सकाळी स्नानानंतर हो म्हणालो. वावडिंगाचा डबा मी तिच्याच हाती दिला. माझ्या पोटासाठी लागेल तेव्हा तिच्याकडून मागून घेतो.

वैशाखात नऊ नंबरची करडे झाली. बहुतेक काळपट, एकही देखणे नाही. मी त्यांना दिवसातून पाच वेळा पाणी पाजले. त्यांची परीक्षा अजून व्हायची आहे.

या वर्षीच्या भाद्रपदात एके सकाळी सप्तदश दाराशी आला तेव्हा मी त्याची पापणी अंगठ्याने उलटून पाहिली. आठवडाभर ती फिकट होत आली होती आणि आठवडाभर मी ती रोज पाहून सोडून देत होतो. त्या दिवशी ती माझ्या धोतराच्या कडेइतकी पांढरी होती. मी भाचीला फोन केला. ती दोन तासांत आली, स्वतः पाहिले, मान हलवली. मी त्याचे डोके धरले, तिने जिभेच्या मागे औषध सोडले.

"एक दिवस आधी तर काही नाही दिलं ना?" तिने विचारले.

"नाही. काल गुलाबी होती," मी म्हणालो. "वहीत लिहिले आहे."

तिने वही उघडून पाहिली नाही.